लहर मेंदूची की मानेची?

फाइल उघडली की पहिल्याच पानावर डोक्याचं रंगीत चित्र. वरून पाहिलेलं गोल डोकं, पुढच्या बाजूला नाकाची छोटी खूण, मधला भाग हिरवा, आणि दोन्ही कानशिलांवर व मागे मानेच्या कडेला लालभडक डाग. खाली छापलेलं: बीटा लहरी वाढलेल्या आहेत, मेंदू सतत धोक्याच्या पवित्र्यात आहे. मुलगी एकोणीस वर्षांची. लहानपणापासून भरतनाट्यम केलेलं, उजवा खांदा तीनदा निखळलेला, घोटे वरचेवर मुरगळणारे. हायपरमोबाइल एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम हे निदान व्हायला सहा वर्षं लागली होती. निदानापाठोपाठ कुणीतरी न्यूरोफीडबॅक, म्हणजे मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलायला शिकवण्याचा उपचार, सुचवला, आईने चाळीस बैठकांचे पैसे भरले, त्यातल्या पंचवीस झाल्या होत्या.

मी चित्र बाजूला ठेवलं आणि तिच्याकडे पाहत राहिले. बसल्या बसल्या तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात, कानाच्या जरा खाली, स्नायूची गाठ उमटत होती आणि विरत होती. खांदे कानांकडे ओढलेले. मानेच्या मागच्या दोन्ही शिरा दोरीसारख्या ताठ. चित्रातले लाल डाग जिथे होते, हे स्नायू नेमके तिथेच, त्यांच्या खाली आणि शेजारी होते.

फिजिओथेरपीच्या कामात सैल सांध्यांची माणसं मी बावीस वर्षं पाहते आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या फायलींमध्ये असे नकाशे येऊ लागले आहेत, आणि त्यांच्यासोबत एक मतही आलं आहे, ते आता जवळजवळ गृहीतच धरलं जातं. मत असं: या लोकांचं खरं दुखणं सांध्यात नाही, बिघडलेल्या मज्जासंस्थेत आहे, तेव्हा मेंदूच्या लहरींना वळण लावलं की वेदना, थकवा आणि घबराट तिन्ही कमी होतील. मला हे मत चूक वाटतं. ते चूक का आहे हे सांगण्याआधी त्याची बाजू पुरती मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही.

त्वचा, अस्थिबंध, कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, आतड्याचं अस्तर हे सारं ज्या धाग्यांनी बांधलेलं असतं त्या संयोजी ऊतकात जन्मजात दोष असला की शरीर सैल पडतं. एडवर्ड एहलर्स या डॅनिश आणि आंरी-अलेक्झांद्र डॅनलॉस या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे रुग्ण नोंदवले. २०१७च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या विकाराचे १३ प्रकार मांडले आहेत. बारांच्या मागची जनुकं सापडली आहेत; सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या हायपरमोबाइल प्रकाराचं जनुक मात्र अजून हाती लागलेलं नाही. तिथे निदान हातांनी आणि डोळ्यांनीच करावं लागतं: करंगळी मागे किती वळते, अंगठा मनगटाकडे झुकून हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या पलीकडे जातात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का. बेटनच्या या नऊ गुणांच्या तपासणीत आमच्या नृत्याच्या आणि योगाच्या वर्गांतल्या कित्येक मुली पैकीच्या पैकी गुण मिळवतात, आणि वर्षानुवर्षं त्याचं कौतुकच होतं.

आता मेंदूची बाजू. बार्सिलोनाच्या आंतोनियो बुलबेना यांनी १९८०च्या दशकापासून दाखवून दिलं की अतिलवचीक सांधे आणि घबराटीचे विकार एकत्र येण्याचं प्रमाण योगायोगाने समजावून सांगता येण्यापेक्षा खूप जास्त आहे. ब्रिटनमध्ये जेसिका एकल्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एमआरआयवर पाहिलं, तर अतिलवचीक लोकांत भीतीशी संबंध असलेला अमिग्डाला हा भाग दोन्ही बाजूंना मोठा आढळला. दीर्घकाळ दुखत राहिलं की मेंदूची वेदना-यंत्रणाच अतिसंवेदनशील होते, हे तर आता पाठ्यपुस्तकांत आहे. यात न्यूरोफीडबॅकचा इतिहास जोडा. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली विद्युत-स्पंदनं टिपली. १९५०च्या दशकाच्या शेवटी शिकागोत जो कामिया यांनी दाखवलं की डोळे मिटलेल्या माणसाला आपल्या अल्फा लहरी चालू आहेत की नाहीत हे ओळखायला शिकवता येतं. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना सेकंदाला १२ ते १५ आवर्तनांची एक विशिष्ट लहर वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाने झटके येतात का याचा तपास करताना लक्षात आलं की तो सराव झालेल्या मांजरांना झटके उशिरा आले किंवा आलेच नाहीत. १९७२ मध्ये त्यांनी अपस्माराच्या एका रुग्णावर हाच सराव करून सुधारणा नोंदवली. ही माणसं भोंदू नव्हती. प्रयोगशाळेत काम करणारी, मोजमाप करणारी माणसं होती.

तर पूर्वपक्ष असा: मेंदू या विकारात सामील आहे, मेंदूच्या लहरी शिकवता येतात, इलाज सुईशिवाय आणि गोळीशिवाय होतो, रुग्ण स्वतः बरं वाटल्याचं सांगतात, आणि दावा बरं करण्याचा नाही, फक्त पूरक मदतीचा आहे. मग हरकत कसली?

पहिली हरकत त्या लाल डागांपासूनच सुरू होते. कवटीबाहेर पोचणारं मेंदूचं विद्युत-चिन्ह काही मायक्रोव्होल्टचं असतं, म्हणजे व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या घरातलं. कपाळ, कानशील, जबडा आणि मान यांचे स्नायू आवळले की निघणारी वीज त्याच्या कितीतरी पट मोठी, आणि ती त्याच तारांतून त्याच पडद्यावर येते. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये याची धाडसी पडताळणी झाली. स्वयंसेवकांना जागं ठेवून औषधाने त्यांचे स्नायू तात्पुरते पूर्ण लुळे केले आणि आधीचा व नंतरचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, ताडून पाहिला. सेकंदाला वीस आवर्तनांच्या वरचं जे जे मेंदूचं म्हणून मोजलं जात होतं, त्याचा मोठा भाग स्नायू लुळे होताच नाहीसा झाला. वीसच्या वरचा हाच पट्टा न्यूरोफीडबॅकच्या अहवालांत ‘उच्च बीटा’ म्हणून येतो आणि त्याचा अर्थ चिंताग्रस्त मेंदू असा लावला जातो.

निरोगी माणसात ही गफलत त्रासदायक आहे. सैल सांध्यांच्या माणसात ती मुळावरच येते. मानेचे मणके, जबड्याचा सांधा, खांदा जागेवर ठेवायचं अस्थिबंधांचं काम जिथे अस्थिबंध करत नाहीत, तिथे ते स्नायूंनी उचललेलं असतं. ही माणसं दिवसभर स्वतःला स्नायूंनी धरून ठेवत असतात. ताठ मान हे यांच्या भीतीचं लक्षण आहे असं मानण्याआधी ते ढिल्या खांबाला बांधलेले दोर आहेत, हे पाहायला हवं. अशा माणसाच्या डोक्याला तारा लावल्या की पडद्यावर उच्च बीटा दिसणारच, मग त्याच्या मनात काहीही चाललेलं असो.

यावर उत्तर येतं: आमचं सॉफ्टवेअर स्नायूंचा अडथळा गाळतं. गाळणी कशी चालते ते पाहू. दोन चिन्हांची आवर्तनं वेगळी असली तर गाळता येतं. इथे ती एकमेकांवर चढलेली आहेत. म्हणून बहुतेक ठिकाणी सोपी युक्ती वापरतात: वरच्या पट्ट्यातली वीज ठरावीक पातळीच्या वर गेली की बक्षीस थांबतं, पडद्यावरचं विमान खाली येतं किंवा गाणं मंद होतं. मग समोर बसलेला माणूस विमान वर ठेवण्यासाठी काय शिकतो? दात सैल सोडायला आणि खांदे खाली टाकायला. त्या मुलीला मी विचारलं, विमान वर कसं न्यायचीस गं? तिने क्षणभर विचार केला आणि जीभ टाळूवरून खाली सोडून दाखवली. पंचवीस बैठकांत ती हे शिकली होती, आणि हे शिकणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. जबड्याचा ताण उतरला की डोकं हलकं होतं. पण त्याला मेंदूचं पुनर्प्रशिक्षण म्हणू नये. गालावर बोट ठेवून आणि आरसा समोर धरून ते एका दुपारी शिकवता येतं. शिवाय मान सैल सोडणं सगळ्यांना मानवतं असंही नाही. दोर सोडायचे असतील तर आधी खांबाला टेकू द्यावा लागतो. मानेच्या खोलवरच्या स्नायूंना बळ न देता वरचे स्नायू ढिले केले की काहींची डोकेदुखी वाढते, चक्कर येते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दुसरी हरकत पुराव्याची. रुग्णांना बरं वाटतं, हे खरं आहे. आठवड्यातून दोनदा कुणीतरी नीट चौकशी करतं, शांत खोलीत अर्धा तास बसवतं, तुमच्या दुखण्याचं चित्र छापून देतं. ज्याला सहा वर्षं ‘तुला काही झालेलं नाही’ असं ऐकवलं गेलं त्याला याचं मोल किती असेल, याची कल्पना मला आहे. शिवाय हा विकार चढ-उताराचा. माणूस उपचार शोधतो तो सगळ्यांत वाईट दिवसांत, आणि त्यानंतरचे दिवस पुष्कळदा आपोआपच बरे येतात. म्हणून प्रश्न बरं वाटलं का हा नाही. ज्याला आपल्याच लहरींचा खरा प्रतिसाद मिळाला तो, दुसऱ्याचीच आधी टिपून ठेवलेली लहर दाखवलेल्या माणसापेक्षा जास्त बरा झाला का, हा आहे.

या प्रश्नाचं उत्तर सैल सांध्यांच्या विकारात शोधल्याचं माझ्या वाचनात नाही. जिथे मोठ्या चाचण्यांत शोधलं, तिथे ते न्यूरोफीडबॅकच्या बाजूने आलेलं नाही. लक्ष न लागणाऱ्या, अतिचंचल मुलांवर त्याचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे. अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर ३८ बैठकांची दुहेरी अंध चाचणी झाली, म्हणजे कुणाला खरा आणि कुणाला लटका प्रतिसाद मिळतो आहे हे ना घरच्यांना माहीत होतं ना चाचणी घेणाऱ्यांना. २०२१ मध्ये छापून आलेला निकाल असा: दोन्ही गट बरेच सुधारले, आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यानंतर ३८ चाचण्या आणि सुमारे अडीच हजार रुग्ण एकत्र धरून झालेल्या आढाव्यातही, ज्यांना उपचार ठाऊक नव्हता त्यांच्या मोजमापांत उपयुक्त म्हणावा असा फायदा दिसला नाही. झोप न येणाऱ्यांवर साल्झबुर्गच्या मानुएल शाबुस यांनी केलेल्या कामातही तेच: खऱ्या लहरी दाखवा की लटक्या, लोकांना सारखंच बरं वाटलं.

वेदनेच्या बाबतीत तुर्कस्तानातल्या एका अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या विकाराच्या, ३६ रुग्णांपैकी अर्ध्यांना न्यूरोफीडबॅकच्या २० बैठका दिल्या आणि अर्ध्यांना रोज नैराश्यावरची एक गोळी. बैठकांचा गट जास्त सुधारला. पण माणसाचा सहवास आणि लक्ष मिळालेला गट एकीकडे, घरी गोळी घेणारा दुसरीकडे. अशा तुलनेतून लहरींनी काय केलं हे कळत नाही. आणि फायब्रोमायल्जियावरून अस्थिबंधांच्या दोषावर उडी मारायची, तर मध्ये आणखी एक खंदक आहे.

न्याय सारखाच करायचा तर माझ्या बाजूचे पुरावेही याच तराजूत घालायला हवेत. ग्लासगोच्या विल्यम फेरेल यांनी २००४ मध्ये दाखवलं की आठ आठवड्यांच्या घरगुती व्यायामाने अतिलवचीक रुग्णांच्या गुडघ्याची जाण सुधारते आणि दुखणं घटतं. मी हा अभ्यास वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले, पण त्यात तुलनेचा गटच नव्हता, आणि हे सांगणं माझं कर्तव्य आहे. डेन्मार्कमधली २०२२ची चाचणी मात्र जास्त भक्कम आहे. खांद्याचा त्रास असलेल्या १०० अतिलवचीक रुग्णांपैकी अर्ध्यांनी भारी वजनांनी आणि अर्ध्यांनी हलक्या रीतीने व्यायाम केला. १६ आठवड्यांअखेर भारी वजनांचा गट रोजच्या वापरात पुढे होता.  सैल सांध्याला जड वजन नको, असं आम्हीच कित्येक वर्षं सांगत आलो होतो. पुराव्याने ते बदलायला लावलं.

तिसरी हरकत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. न्यूरोफीडबॅकची मूळ कल्पना सुंदर आहे: जे आपल्याला जाणवत नाही ते यंत्राने दाखवावं, म्हणजे ते सुधारता येईल. या रुग्णांना काय जाणवत नाही, हा प्रश्न मग आधी विचारायला हवा होता. त्यांना आपला सांधा कुठे आहे हे नीट जाणवत नाही. डोळे मिटून कोपर सरळ करायला सांगा. बहुतेक जण सरळ रेषेच्या दहा-पंधरा अंश पलीकडे जाऊन थांबतात आणि शपथेवर सांगतात की हात सरळ आहे. त्या मुलीचा हात मी तसाच तिथे धरला, तिला डोळे उघडायला लावले. ती कोपराकडे पाहतच राहिली. लहानपणापासून ती त्या हाताने मुद्रा करत आली होती.

प्रतिसाद द्यायचा तो इथे. कोपराला मागच्या बाजूने चिकटपट्टी लावली की पलीकडे जाताना कातडी ओढली जाते आणि मेंदूला तिथल्या तिथे खबर पोचते. आरसा, भिंतीला टेकलेली पाठ, हलत्या फळीवर एका पायावर उभं राहणं, तळव्याखाली उशी: ही सगळी प्रतिसादाचीच साधनं आहेत, आणि ती जिथून खबर हरवली आहे तिथेच खबर देतात. कवटीवरून टिपलेली लहर या दोषापासून तीन पायऱ्या दूर आहे, आणि वाटेत तिच्यात मान मिसळलेली आहे.

घबराटीचंही तसंच. बुलबेनांचं निरीक्षण मला मान्य आहे; त्यावरून काढलेला उपचार मान्य नाही. या मुलीला कॉलेजात ‘पॅनिक’ येत असे, नेहमी उभं राहिल्यावर, रांगेत किंवा लोकलच्या फलाटावर. तिला दहा मिनिटं आडवं झोपवलं, नाडी मोजली: ७२. उभं केलं, दर मिनिटाला मोजत राहिले: ९८, १०९, ११६, ११८. दहा मिनिटांत तीसहून जास्त ठोके वाढले (एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांत चाळीसहून) आणि रक्तदाब पडला नाही, तर डॉक्टर पीओटीएसचा, म्हणजे उभं राहताच नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, विचार करतात. रक्तवाहिन्या सैल असल्या की उभं राहताना रक्त पायांत साचतं, आणि हृदय ते भरून काढण्यासाठी धावतं. धडधड, घाम, हातपाय कापणं, आता पडू अशी भीती, हे सारं मनातून वर न येता पायांतून वर येतं. हृदयतज्ज्ञांनी तपासून खात्री केली. मग त्यांच्याच देखरेखीखाली दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी, जेवणात जास्तीचं मीठ, पोटरी-मांडीपर्यंत घट्ट मोजे आणि झोपून करायचे व्यायाम सुरू झाले. ज्याला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्याने मिठाचा हा उपाय स्वतःहून करू नये.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. एहलर्स-डॅनलॉसच्या पुष्कळ रुग्णांना दातांच्या डॉक्टरांकडे बधिर करण्याचं इंजेक्शन पुरेसं लागत नाही. संशोधनात ते नोंदलेलं आहे. पण कित्येक जणांनी मला सांगितलं, खुर्चीत आम्हाला ‘घाबरू नकोस, दुखत नाहीये’ असंच ऐकावं लागलं. या लोकांनी ‘सगळं तुझ्या डोक्यात आहे’ हे वाक्य आयुष्यभर ऐकलेलं असतं. रंगीत नकाशा हातात देऊन ‘तुझा मेंदू धोक्याच्या पवित्र्यात आहे’ असं सांगणं दयाळूपणाने केलेलं असलं, तरी बोट पुन्हा डोक्याकडेच जातं. आणि एहलर्स-डॅनलॉसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकारात किंवा मार्फान सिंड्रोम या संयोजी ऊतकाच्याच दुसऱ्या विकारात हे धोक्याचंही होऊ शकतं. तिथे अचानक उठलेली छातीची किंवा पोटाची कळ म्हणजे फाटलेली धमनी असू शकते; ती मज्जासंस्थेच्या खात्यावर टाकून घरी बसायची वेळ नव्हे.

राहिला ‘पूरक’ हा शब्द. पूरक म्हणजे मूळ उपचाराला जोड. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मूळ उपचारच मिळालेला नसतो: नाडीची उभी तपासणी झालेली नसते, हृदयाची सोनोग्राफी झालेली नसते, सोसेल तितका आणि वाढत जाणारा व्यायाम कुणी आखून दिलेला नसतो. ज्याच्या खाली काही नाही ते पूरक कसलं? चाळीस बैठकांचा वेळ, पैसा आणि प्रवास याच गोष्टींतून वजा होतो. प्रवासाचा हिशेबही छोटा नाही. उभं राहिलं की चक्कर येणाऱ्या मुलीने आठवड्यातून दोनदा शहर ओलांडायचं, वर खुर्चीत मान न हलवता अर्धा तास बसायचं. नाजूक त्वचेच्या प्रकारात तार चिकटण्यासाठी डोक्याची त्वचा खरखरीत जेलने घासणंही निरुपद्रवी नाही. दुष्परिणाम नाहीत असं म्हणणाऱ्यांनी यातलं काय मोजलं, हे मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

न्यूरोफीडबॅकवरचं संशोधन थांबावं असं मला वाटत नाही. उलट ते इथे व्हावं, आणि नीट व्हावं. बेटन तपासणी आणि पीओटीएसची तपासणी झालेले रुग्ण घ्यावेत. दोन गट, एकाला स्वतःच्या लहरी, दुसऱ्याला आधी टिपून ठेवलेल्या परक्या लहरी, आणि दोघांनाही व्यायाम व औषधं सारखीच. मानेवर आणि जबड्यावर स्वतंत्र तारा लावाव्यात, म्हणजे काय शिकलं गेलं ते कळेल. आणि मोजावं ते निखळलेले सांधे, पडणं, चालता येणारं अंतर, कॉलेजात किंवा कामावर गेलेले दिवस. अशी चाचणी खऱ्या लहरींच्या बाजूने लागली तर मी माझं म्हणणं मागे घेईन आणि माझ्या रुग्णांना स्वतः पाठवीन.

त्या मुलीच्या आईने निघताना विचारलं, “मॅडम, पंधरा बैठका उरल्यात. पैसे परत मिळणार नाहीत. पाठवू की नको?” मी म्हटलं, पाठवा, पण एक गोष्ट करायला सांगा: पडद्यावर बीटा चालू असताना हिने दात आवळून धरावेत, मग सोडावेत, मग पुन्हा आवळावेत, आणि तुम्ही शेजारी बसून तो आकडा पाहा. तीन आठवड्यांनी दोघी आल्या तेव्हा मुलीने वहीत तिन्ही वेळचे आकडे लिहून आणले होते. दात आवळले की आकडा दुपटीच्या वर जात होता, सोडले की खाली येत होता. त्याच वहीच्या मागच्या पानावर तिने डोळे मिटून सरळ केलेल्या कोपराचे अंश रोज मांडले होते, भावाने कंपासातल्या कोनमापकाने मोजलेले: चौदा, बारा, तेरा, नऊ.